जिवंत दगड आणि चुन्याचा गिलावा



जुन्या गोव्याला जाऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दर्शन आपणापैकी अनेकांनी घेतले असेल. बॉम जेझू बॅसिलिकाची ती तांबूस भिंत पहिल्यापासून तशीच असावी, असे आपणाला वाटते. परंतु तसे नाही. १५९४ साली पायाभरणी होऊन १६०५ साली अभिषेक झालेले हे मंदिर जांभ्या दगडाचे आहे. दर्शनी भागावरील काळा दगड आपल्या वसईहून नेलेला. जांभा पाणी पितो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा होता. सुमारे साडेतीनशे वर्षे पाऊस त्या गिलाव्याने आपल्या अंगावर झेलला. १९५० च्या दशकात मंदिर अधिक प्राचीन दिसावे म्हणून तो काढून टाकण्यात आला आणि उघडा दगड झिजू लागला. २०२० साली तेथील रेक्टर फादरांनी गिलावा पुन्हा चढवावा, अशी जाहीर मागणी केली.

एक चूक माझीही सांगतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात मी जुन्या चर्चच्या भिंतीला सिमेंट लावून घेतले. दिसायला भक्कम! दोन पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागला, पोपडे सुटले. म्हातारा गवंडी म्हणाला, "फादर, पाणी आत गेलंय, त्याला बाहेर यायला वाटच ठेवली नाही तुम्ही."

बंधुभगिनींनो, आपली मनेही अशीच असतात. भावाभावांतला राग, जमिनीचा जुना वाद, लपवलेले पाप यांवर आपण कठीण मुलामा चढवतो. रविवारी चर्चमध्ये सारे चकचकीत दिसते, आत मात्र ओल मुरत असते. पापनिवेदन ही ती ओल बाहेर पडण्याची वाट आहे.

चुना मऊ असतो. तो स्वतः झिजतो आणि दगडाला राखतो. आपल्या घरांतील कित्येक आईवडील असेच झिजले. क्रुसावर प्रभू येशू आपल्यासाठी असाच झिजला. संत पेत्र आपणाला जिवंत दगड म्हणतो. त्या दगडांनीही एकमेकांसाठी थोडे झिजायला हवे.

पावसाळा तोंडावर आला आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पन्हळी साफ करायला आणि भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपे काढायला या. त्याआधी, ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्या दारी एकदा जाऊन या.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू