तिकिटात काय काय येतं?

बिनसरच्या झीरो पॉइंटवर पोहोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. समोर नंदादेवी, त्रिशूळ, पंचाचुली. मागे बांजाचं, म्हणजे हिमालयातल्या ओकचं जंगल. फोनला रेंज नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणी पिंग करू शकत नव्हतं. मनात आलं, हे जंगल असंच राहायला हवं. कुणी हातसुद्धा लावता कामा नये.

हे म्हणायला मला काहीच पडत नाही, हे संध्याकाळी कळलं.

उत्तराखंडमधल्या अल्मोडा जिल्ह्यातलं हे अभयारण्य १९८८चं. आतली गावं त्याच्याही आधीची. त्यातल्याच एका घरी मी उतरलो होतो. घरातली दीदी लहानपणी आईबरोबर बांजाचा पाला आणायला जायची. गुरांना चारा तोच, गोठ्यात अंथरायलाही तोच, मग त्याचंच खत शेतात. आता परवानगीशिवाय फांदी तोडता येत नाही. रानडुकरं बटाटे उकरतात. वासरू बिबट्याने नेलं. तिकडे बिबट्यालाही बाघच म्हणतात. मी उत्साहाने विचारलं, "दीदी, बाघ दिखेगा क्या?"

ती हसली. "भैया, तुम देखने आते हो. हम तो चाहते हैं, ना दिखे."

मग तिने जून २०२४चा वणवा सांगितला. खालच्या उतारांवर चीडची, म्हणजे पाइनची झाडं आहेत. त्यांच्या वाळलेल्या सुया उन्हाळ्यात भराभर पेटतात. आग विझवायला गेलेले वनखात्याचे काही जण गेले. त्यात हंगामी फायर वॉचरही होता. मी सकाळी ज्या शांततेचे फोटो काढले, तिची राखण करणारी ही माणसं.

म्हणून बंदी चूक म्हणायची का? तसंही नाही. बांज सावकाश वाढतो. तो सारखा छाटला तर मागे पडतो आणि चीड त्याची जागा घेते. बांजाखालच्या जमिनीत पाणी मुरतं, त्यावर गावातले झरे चालतात. जंगल राखणं त्या दीदीच्याही हिताचं आहे. प्रश्न एवढाच, की राखायचं कसं हे ठरवताना कुणाचं मत किती मोजायचं?

आमच्या टीममध्ये एक साधा नियम आहे. जो रात्री ऑन-कॉल असतो, त्याला विचारल्याशिवाय रिलीज करायचं नाही. सिस्टम पडली तर झोप त्याची जाते, डिझाइन करणाऱ्याची नाही. बिनसरमध्ये मी फक्त युजर होतो. दीदी बारा महिने ऑन-कॉल, आणि ते फायर वॉचर वणव्याच्या हंगामात. तरी सकाळी 'हात लावू नका' असा निर्णय मी एकट्याने, त्यांना न विचारता देऊन टाकला होता.

पुण्यात परतल्यावर ग्रुपवर फोटो टाकले. एका मित्राने लिहिलं, "भारी! एकदम अनटच्ड."

मी लिहिलं, "नाही रे, तिथे माणसं राहतात."

त्यावर अंगठा आला. दीदीचं वासरू त्याला पुढच्या भेटीत सांगेन.