शोकार्त प्रेक्षकाचा अधिकार

दुःखाने, श्रमाने आणि शोकाने गांजलेल्यांना नाट्याने विसावा मिळेल, असे आश्वासन भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात दिले असले, तरी अभिनवगुप्तांनी रसास्वादाची जी सात विघ्ने गणली, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न आहे. आणि म्हणूनच ज्याने घरातच मार खाल्ला, किंवा ज्याच्याकडे घरात कोणी वळूनही पाहिले नाही, अशा मुलाला समूहोपचारात चित्रपट दाखवावा काय, हा प्रश्न मला केवळ मानसशास्त्राचा वाटत नाही. जो स्वदुःखातून क्षणभरही सुटलेला नाही, त्याला परदुःखाचा प्रेक्षक होण्याचा अधिकार आहे काय?

माझ्या मते तो सर्वांआधी त्यालाच आहे. पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत हे मूल केवळ साक्षीदार असते. त्याची जबानी होते, तारीख पडते, दप्तरात कागद वाढत जातात, आणि दर वेळी त्याचे दुःख त्याच्याच तोंडून वदवून घेतले जाते. पडद्यापुढे मात्र त्याला स्वतःविषयी अवाक्षरही सांगावे लागत नाही.

फ्रान्स्वा त्रुफो यांच्या १९५९ सालच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ या चित्रपटात आंत्वान हा मुलगा शाळा बुडवल्यावर आई वारल्याची थाप मारतो, ती उघडकीस येते, आणि बाप भर वर्गात त्याच्या थोबाडीत देतो. जाणत्या समुपदेशकाने चित्रपट येथे थांबवावा आणि ‘तुझ्या घरी असे होत असे का?’ हे न विचारता ‘आता हा काय करील?’ एवढेच विचारावे. ‘घरी जाणार नाही,’ असे एखादे मूल सांगेल. आणि चित्रपट पुढे सरकताच आंत्वान खरोखरच एका छापखान्यात रात्र काढतो, पहाटे दुधाची बाटली चोरून घटाघटा पितो. ज्या साधारणीकरणाची मीमांसा भट्टनायकांनी केली, ते येथे घडते: दुःख धड आपलेही राहत नाही, धड परक्याचेही नाही, आणि म्हणूनच ते चारचौघांत उच्चारता येते.

अर्थात निवडीत विवेक हवा. अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ मला अत्यंत प्रिय आहे. तथापि जिच्या आईनेच तिला टाकले, त्या मुलीपुढे ते वात्सल्य प्रथमच ठेवण्यास मी धजणार नाही.

आणखी एक अडचण मोठी आहे. आंत्वानच्या आडून बोलता बोलता एखादे मूल स्वतःवरील लैंगिक अत्याचार सांगून जाते, आणि २०१२ च्या कायद्यान्वये तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे; म्हणजे पुन्हा तीच जबानी. ही गोष्ट समुपदेशकाने पहिल्या दिवशीच, मुलांना उमजेल अशा शब्दांत, सांगून टाकली पाहिजे. ती दडवून संपादन केलेला विश्वास मला ग्राह्य वाटत नाही. ते ऐकून एखादे मूल मुकाट राहिले, तरी पुढच्या चित्रपटाला त्याला तितक्याच आदराने बसवून घ्यावे.