याकोबाचे लंगडणे





गेले दोन-अडीच महिने आम्ही मिस्साच्या वेळी बराच वेळ खुर्चीत बसून असतो आणि कम्युनियन द्यायला सिस्टर खाली उतरतात, हे आपण पाहतच आहात. युवकांबरोबर व्हॉलीबॉल खेळताना आम्ही उडी मारली, उतरताना उजवा पाय जमिनीवर रोवला गेला आणि अंग वळले. गुडघ्यात फट्‌ असा आवाज झाला. पंचेचाळिशीच्या धर्मगुरूने नेटजवळ उडी मारावी काय, असे आपल्यापैकी पुष्कळांनी प्रेमाने विचारले. त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

तुटले ते गुडघ्याच्या आत मधोमध असणारे लिगामेंट. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये म्हणून देवाने बांधलेली ती दोरी आहे. पूर्ण तुटली की ती सहसा आपोआप जुळत नाही. मग रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा चिवट पट्टा काढून तिच्या जागी बसवतात. हा नवा पट्टा सर्वांत कच्चा कधी असतो, तर ऑपरेशननंतर साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि आपण बरे झालो असे वाटू लागते, नेमके तेव्हा. फिजिओथेरपीच्या ताईंनी हे सांगितले तेव्हा आम्हाला पापनिवेदनाला येणारी माणसे आठवली, आणि त्यांत सर्वांत आधी आम्ही स्वतः.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे आम्ही पाठ केले होते की, शरीर आणि आत्मा मिळून एक माणूस होतो. पुढे सुमारे चारशे वर्षांनी देकार्तने मन एकीकडे आणि शरीर दुसरीकडे ठेवले. परीक्षेत दोघांची तुलना लिहिली, गुणही बरे मिळाले. संत थॉमस यांचे बरोबर होते हे मात्र रात्री दोन वाजता पलंगावरून एकट्याने उठता येईना, तेव्हा पटले. गुडघा तुटला होता, पण चिडचिड, भीती आणि प्रार्थनेचा कंटाळा या गोष्टी काही गुडघ्यात नव्हत्या.

त्या दिवसांत उत्पत्तीच्या पुस्तकातील बत्तिसावा अध्याय पुन्हा वाचला. याकोबाची कुस्ती. आपल्या वारणेच्या खोऱ्यात हा अध्याय फार समजावून सांगावा लागत नाही. तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला, १३ डिसेंबरला, इथे कुस्तीचे मैदान भरते, आणि आपली लहान पोरेही डाव ओळखतात. मातीत काय होऊ शकते, हेही आपल्याला ठाऊक आहे. २०१८ साली आपल्याच पन्हाळा तालुक्यात जत्रेच्या कुस्तीत मानेला मार लागून एक तरुण मल्ल गेला. सगळेच उठून परत येत नाहीत. हे विसरून दुखापतीवर प्रवचन करू नये.

तर याकोब. हा आयुष्यभर पळालेला माणूस. भावाला फसवून पळाला, पुढे मामाकडूनही न सांगता पळाला. आता एसाव चारशे माणसे घेऊन समोरून येतो आहे. याकोबाने काय केले? शेळ्यामेंढ्या, उंट, गायी, गाढवे यांचे कळप भेट म्हणून पुढे पाठवले. मग बायकामुलांना यब्बोक नदीपार केले. स्वतः मागे राहिला. त्या अंधारात कोणी एक पुरुष त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजला, आणि त्याने दुखापत केली ती नेमकी जांघेच्या सांध्याला. माणूस ज्याच्या जोरावर पळतो तो सांधा! पहाटे याकोबाला आशीर्वाद मिळाला, नवे नाव मिळाले. जांघ मात्र बरी करून मिळाली नाही. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत होता. आता पुढचा अध्याय उघडा आणि तो कुठे उभा आहे ते पाहा. सर्वांच्या पुढे. रात्री सर्वांत मागे राहिलेला माणूस सकाळी लंगडत सर्वांच्या पुढे चालतो आहे आणि भावासमोर सात वेळा वाकतो आहे.

आता आमच्या एका चुकीबद्दल. दोन वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातला एक मुलगा आमच्याकडे आला होता. त्याला विचारूनच हे लिहीत आहोत. कबड्डी खेळताना त्याचेही हेच लिगामेंट तुटले होते. पहाटे पाचला कोडोलीच्या रस्त्याने भरतीसाठी धावणारी मुले आपण पाहता, त्यांतला तो एक. सोळाशे मीटरची वेळ बसत आली होती. ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत सहा महिने गेले आणि तोवर वयाची अटही निघून गेली.

आम्ही त्याला स्मृती मानधनाची गोष्ट सांगितली. शेजारच्या सांगलीत वाढलेली मुलगी. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात बिग बॅश स्पर्धेत खेळताना तिचे हेच लिगामेंट गेले. विश्वचषकाची पात्रता स्पर्धा तिला घरी बसून पाहावी लागली. आणि पाच महिन्यांनी, २४ जूनला, विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिने इंग्लंडविरुद्ध ७२ चेंडूंत ९० धावा केल्या. पुढच्या सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. 'तूही उठशील, देवाची योजना असते,' असे म्हणून आम्ही घड्याळाकडे पाहिले. संध्याकाळच्या मिस्साची वेळ झाली होती. तो 'बरं फादर' म्हणाला आणि गेला. त्यानंतर रविवारी दिसेनासा झाला.

आमची गोष्ट खोटी नव्हती, अर्धी होती. त्याच स्पर्धेत स्मृतीच्या धावा पुढे आटल्या, आणि २३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. भारत ९ धावांनी हरला. विश्वचषक हाती यायला आणखी आठ वर्षे लागली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले, तेव्हा स्मृती उपकर्णधार होती.

आणि त्या रात्री मैदानावर आणखी एक मुलगी होती, व्हीलचेअरवर. प्रतिका रावल. स्मृतीबरोबर सलामीला जाणारी. न्यूझीलंडविरुद्ध दोघींनी शतके केली होती. तीनच दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, क्षेत्ररक्षण करताना प्रतिकाचा पाय दुखावला आणि तिची स्पर्धा तिथेच संपली. तिच्या जागी आलेल्या शफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ धावा काढल्या आणि दोन बळी घेतले. ज्या जागेवर आपण असायचो तिथे दुसरे कोणी चमकते आहे, हे पाहायला लागणारे बळ कोणत्या व्यायामाने येते, आम्हाला माहीत नाही. पण ती आली. तिला आपल्यात घेऊनच संघाने आनंद केला. त्या मुलाला दोन वर्षांपूर्वी हे सांगता आले नसते, कारण हे अजून घडले नव्हते. पण लॉर्ड्सवरचे शून्य सांगता आले असते. ते आम्ही गाळले, कारण शतकावर थांबले की प्रवचन चांगले होते.

ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात आम्ही कुबडी घेऊन त्याच्या घरी गेलो. वरच्या मजल्यावर घर, बारा पायऱ्या. खाली उभे राहून आम्ही वर पाहत होतो. तो वरून पाहत होता. मग उतरून आला, आमच्या काखेत हात घातला.

"चढताना चांगला पाय पहिला टाका फादर. उतरताना दुखरा."

वर गेल्यावर आम्ही त्याची माफी मागितली. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुमी काय खोटं न्हाई सांगितलं. पर मी स्मृती न्हवं फादर."

त्याच्या आईने चहा आणला. त्या दिवशी आम्ही दीड तास बसलो, कारण लवकर उठताच येत नव्हते. आजाऱ्यांच्या घरी आम्ही आजवर हातात हेल्मेट धरून किती मिनिटे बसत होतो, याचा हिशेब त्या दीड तासात मनाशी झाला. तो इथे लिहायचा नाही. ज्यांच्या घरी गेलो त्यांना तो ठाऊक आहे.

याकोबाची आणखी एक गोष्ट राहिली. भेट झाल्यावर एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब नको म्हणतो. मुले कोवळी आहेत, कळपात दूध पाजणाऱ्या माद्या आहेत, त्यांच्या चालीने मी हळूहळू येतो. यात थोडा जुना याकोबही आहे, कारण मागाहून सेईरला येतो म्हणाला आणि गेला सुक्कोथला. पण लेकरांच्या आणि गुरांच्या चालीने चालायचे त्याला सुचले ते लंगडू लागल्यावर.

तो मुलगा अजून मिस्साला येत नाही. आम्हीही विचारलेले नाही. फिजिओथेरपी अर्धवट सोडल्याने त्याची ती मांडी अजून दुसरीपेक्षा बारीक आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी गॅरेजमधून सुटला की संध्याकाळी सातला तो आमच्या व्हरांड्यात येतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळायची, दहा आकडे धरायची, सोडायची. आकडे तो मोजतो. आम्ही आठवर सोडले तर पुन्हा एकपासून सुरू करायला लावतो. आणखी कोणाचा गुडघा असेल तर व्हरांड्यात जागा आहे. टॉवेल घरून आणावा.