नळाला उतरलेला करंट आणि अहिंसा

सांगली जिल्ह्यात कृष्णा-वारणेच्या काठाने शेती करून राहणारा दिगंबर जैन समाज मोठा आहे; १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे मुख्य कार्यालयही सांगलीतच. या समाजात पाणी गाळून घेण्याची शिस्त पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. डोळ्यांना न दिसणारा जीवही आपल्या हातून मरू नये, हा त्यामागचा विचार. मग ते पाणी ज्या नळातून येते त्याला करंट उतरू नये, ही काळजी धर्माची की फक्त वायरमनची? माझ्या मते ती धर्माचीच आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या नुसत्या प्राण जाण्यावर थांबत नाही, त्यामागची बेफिकिरीही तिच्यात धरली आहे. कुंदकुंदांचे प्रवचनसार आणखी पुढे जाते: बेसावध वागणाऱ्याच्या हातून जीव मरो वा न मरो, दोष लागतोच, आणि जपून वागणाऱ्याच्या हातून चुकून जीव गेला, तरी तेवढ्याने तो बांधला जात नाही. या कसोटीवर ‘वीस वर्षांत कुणाला शॉक बसला नाही’ हा बचाव टिकत नाही.

जपून वागणे म्हणजे इथे काय, हे विजेच्या हिशेबानेच ठरते. गावाकडे बहुतेक घरांत खांबावरून फेज आणि न्यूट्रल या दोन तारा येतात. अर्थिंगचा खड्डा घरमालकाने घ्यायचा असतो. गिझरच्या कॉइलचे आवरण फुटले, की करंट टाकीतून लोखंडी पाईपात आणि तिथून नळात उतरू शकतो. खड्ड्याचा रोध ५ ओहम असेल, तर २३० व्होल्टला सुमारे ४६ अँपिअर जमिनीत जातात आणि १६ अँपिअरचा एमसीबी थोड्या वेळाने का होईना, पडतो. पण जत-आटपाडीच्या कोरड्या माळावर किंवा साताऱ्याकडच्या पाषाणावरच्या मुरमात उन्हाळ्यात ओल आटते, आणि तोच रोध २० ओहमवर गेला, तर साडेअकरा अँपिअरच वाहतात. एमसीबी पडत नाही, नळ तसाच धोक्याचा राहतो. म्हणून ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा आरसीसीबी लागतो. शिवाय गिझरचे अंग, लोखंडी पाईप आणि नळ जाड तारेने एकमेकांना व मुख्य अर्थिंगला जोडावे लागतात, म्हणजे एकाच वेळी हाताला लागणाऱ्या दोन धातूंतला विजेचा दाब जवळजवळ सारखा राहतो. खड्डा न घेता अर्थिंगची तार नुसती नळाला गुंडाळणे मात्र उलटे काम आहे. त्याने आपल्या घरातला दोष सामाईक पाईपातून शेजाऱ्याच्या न्हाणीत जातो. मधे कुणी पीव्हीसीचा तुकडा बसवला, की जमिनीकडची वाटही तुटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो दैवाचा: ज्याचे आयुष्य संपले तो जातो, तार केवळ निमित्त. पण जैन कर्मविचारात एकाचे कर्म दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही. मरणाऱ्याचा हिशेब त्याचा. त्यातून आपल्या बेफिकिरीची फेड होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गृहस्थाला संकल्पून केलेली हिंसा सोडायची असते. चूल, शेती, घरकाम यांत होणारी आरंभी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रही मान्य करते. मग विजेचा अपघात त्यातच का धरू नये? धरता येईल, पण सर्व काळजी घेऊन झाल्यावर जे उरते त्यापुरताच. खड्ड्याचे चार पैसे वाचवून घडलेला अपघात त्या सवलतीत बसत नाही. ‘आम्हाला यातले काय कळते’ हेही अर्धेच खरे आहे. हिशेब वायरमनला कळतो, पण त्याला बोलावून मोजमाप करून घ्यायचे हे ठरवायला विजेचे ज्ञान लागत नाही.

हे मान्य केले, तर काळजी एकदाच घेऊन भागत नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतणे, आरसीसीबीचे टेस्ट बटण वरचेवर दाबून पाहणे, पाईप बदलल्यावर जोड तपासणे, हा नित्य आचाराचा भाग होतो. भाड्याच्या घरात तो मालकाकडे येतो. भाडेकरूला भिंतीआडची तार उघडून पाहता येत नाही. ज्याला ती तपासून घेता येते आणि तरी जो घेत नाही, त्याला दोष शॉक बसण्याआधीच लागलेला असतो.