लागलेला वार मान्य

झाँ जोसेफ-रेनो (१८७३–१९५३) हा फ्रेंच कादंबरीकार, पत्रकार आणि अनुवादक. हाच गृहस्थ १९०० आणि १९०८च्या ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीत उतरला होता. त्या काळच्या पॅरिसला यात काही नवल वाटलं नसतं; तिथले लेखक द्वंद्वयुद्धंही लढत. १८९७ साली दम्याने बेजार झालेला, हळवा कादंबरीकार मार्सेल प्रूस्त एका बोचऱ्या लेखापायी त्याचा लेखक झाँ लोराँ याच्यापुढे पिस्तूल घेऊन उभा राहिला. कुणालाच इजा झाली नाही. दोन वर्षांनी कवी कात्यूल माँदेसच्या पोटात मात्र तलवार घुसली. वाद कशावरून? अभिनेत्री सारा बर्नार्डने रंगवलेल्या हॅम्लेटवरून!

असल्या मर्दुमकीचं कौतुक करण्यात अर्थ नाही. रेनोचं वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. ती कळायला तलवारबाजीची एक जुनी रीत पाहावी लागेल.

फॉइल ही हलकी, लवचिक तलवार. टोक छातीला टेकलं की पातं कमानीसारखं वाकतं. वार टिपणारी विजेची यंत्रणा फॉइलसाठी ऑलिंपिकमध्ये आली १९५६ साली. तोवर सगळी भिस्त पंचांच्या नजरेवर आणि खेळाडूच्या सचोटीवर: वार लागला, तर ज्याला लागला त्यानेच तो कबूल करायचा, अशी रीत होती. गंमत अशी की १९००च्या स्पर्धेत फॉइलच्या सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये पंच डौल आणि शैलीही जोखत. त्यामुळे लढत हरलेलाही पुढे जाऊ शके. देखणं खेळणं आणि नेमकं लागणं, यांतली ही ओढाताण लेखकाला काही नवी नाही. देखण्या वाक्यांवर पुढच्या फेरीत गेलेली पुस्तकं प्रत्येक भाषेत आहेत.

रेनोने कौल दिला तो लागण्याला. १९१२च्या ‘ला देफाँस दाँ ला र्यू’ या पुस्तकात त्याने रस्त्यावरच्या स्वसंरक्षणाचा विचार केला. मुष्टियुद्ध, लाथांचं फ्रेंच सावात, काठी, जपानी जुजुत्सू, सगळं त्यात आहे. स्वतःच्या खानदानी विद्येचा तोरा त्याने बाजूला ठेवला.

हाच प्रांजळपणा ऑस्कर वाइल्डच्या ‘इंटेन्शन्स’ या निबंधसंग्रहाच्या त्याने केलेल्या अनुवादात दिसतो. तो १९०५ साली आला. बदनाम झालेला वाइल्ड पॅरिसमध्ये वारून पाचच वर्षं झाली होती. प्रस्तावनेत रेनो वाइल्डशी झालेल्या भेटीबद्दल लिहितो. आधी वाइल्डने निराशा केली आणि मग त्याच्याच बोलण्याने मंडळी कशी भारावून गेली, हे तो हातचं न राखता सांगतो. वार लागला, एवढं त्याने चारचौघांत मान्य केलं.

रेनोच्या कादंबऱ्या आज फारसं कुणी वाचत नाही. त्याची ओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवात त्या प्रस्तावनेपासून करावी.