फाइल कुणाची?

१९५३ साली पेप्सूमध्ये, म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबमधल्या संस्थानांच्या तेव्हाच्या राज्यात, सोधी सुखदेव सिंग या जिल्हा न्यायाधीशांना नोकरीवरून काढून टाकलं गेलं. पुढे त्यांनी दिवाणी दावा लावला. काढणं बेकायदेशीर होतं, थकलेला पगार द्या, एवढीच मागणी.

दाव्यात दोन्ही बाजूंनी आपापली कागदपत्रं पुढे ठेवायची असतात. पण समोर सरकार असेल तर ही देवाणघेवाण बरोबरीची राहत नाही. कर्मचाऱ्याकडे काय असतं? नेमणुकीचं पत्र आणि बडतर्फीचा हुकूम. या दोन कागदांच्या मधलं सगळं, कोण काय म्हणालं, कुणी कोणता शेरा मारला, ते सरकारी फाइलीत. सुखदेव सिंग यांनी लोकसेवा आयोगाचा अहवाल आणि त्यांच्या प्रकरणावरच्या मंत्रिमंडळ बैठकींचं इतिवृत्त मागितलं. सरकारनं पुरावा कायद्याचं कलम १२३ पुढे केलं: हे राज्यकारभाराचे अप्रकाशित कागद आहेत, मिळणार नाहीत.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६० च्या नोव्हेंबरात निकाल लागला, सरकारच्या बाजूनं. बहुमताचा निकाल साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिला. कागद राज्यकारभाराचा आहे की नाही, हे न्यायालय ठरवेल, पण तो कागद स्वतः न उघडता. आणि तो उघड केल्यानं लोकहिताला धक्का बसेल का, हे ठरवणार खात्याचा प्रमुख. यामागचा एक मोठा युक्तिवाद असा: आपलं मत उद्या कोर्टात वाचलं जाईल हे माहीत असेल, तर कुणी मोकळेपणानं लिहिणारच नाही.

हा युक्तिवाद मला हसण्यावारी नेता येत नाही. मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. ठरावीक काळानं आम्ही सहकाऱ्यांबद्दल अभिप्राय भरतो. फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'हे फक्त मॅनेजरला दिसेल.' त्या एका ओळीनं हात सैल होतो. जे तोंडावर बोललं नसतं, ते लिहिलं जातं. पण त्याच फॉर्मवर 'टीममध्ये मिसळत नाही' असं एकही उदाहरण न देता लिहिता येतं, आणि त्यावर कुणाची तरी पगारवाढ अडू शकते.

याउलट कोड रिव्ह्यू. तिथे माझी टिप्पणी नावासकट सगळ्या टीमला दिसते. तरीही लोक तिथे सिनियरला सांगतात की हे चालणार नाही. फक्त कुठली ओळ, का, आणि काय झाल्यावर बिघडेल, तेही सांगावं लागतं. म्हणजे अंधारात धीट होता येतं, आणि उजेडात जबाबदार. कुणाची नोकरी घालवायची असेल, तर यातला दुसरा गुण जास्त लागतो, असं मला वाटतं.

मग सगळंच उघडं करायचं? नाही. संरक्षणाच्या किंवा परराष्ट्र धोरणाच्या काही फायली झाकलेल्या राहणंच बरं. प्रश्न झाकण कुणाच्या हातात, हा आहे. ज्या ॲडमिनच्या कामाची तपासणी चालली आहे, त्याच्याच हाती लॉग दाखवायचे की नाही हे कुणी सोपवत नाही. त्याच्यावर आपला संशय असतो म्हणून नव्हे. तो प्रामाणिक असला तरी ते आपल्याला कळायचा मार्गच उरत नाही म्हणून. सुखदेव सिंग यांच्या दाव्यात सरकार प्रतिवादी होतं, आणि कोणता कागद दाखवायचा हेही सरकारच ठरवणार होतं. न्या. सुब्बा राव यांनी त्याच खटल्यात वेगळं मत दिलं होतं: अपवादात्मक प्रसंगी का होईना, सरकारचा नकार डावलण्याचा अधिकार न्यायालयाला हवा.

तो विचार हळूहळू पुढे सरकला. १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यात, दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका अतिरिक्त न्यायाधीशांना मुदतवाढ का नाकारली, याचा गोपनीय पत्रव्यवहार सर्वोच्च न्यायालयानं उघड करायला लावला. २००८ मध्ये सीमा रस्ते सेवेतल्या देव दत्त या अभियंत्याच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. त्यांचा शेरा तर 'चांगला' असा होता. बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता, आणि हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

कलम १२३ मात्र संपलेलं नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १२९ म्हणून आहेच.

आणि १९८१ चे ते न्यायाधीश? पत्रव्यवहार उघड होऊनही त्यांना पद परत मिळालं नाही. मग मिळालं काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते, पुष्कळ. आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं ते वाचून, त्याला उत्तर देऊन हरणं वेगळं, आणि न दिसलेल्या कागदापुढे हरणं वेगळं. पहिल्यात माणसाच्या विरोधात निकाल लागतो. दुसऱ्यात त्याला बाजूच मांडता आलेली नसते.