उत्तर न देणाऱ्याशी बोलावे का?



अतिदक्षता विभागात सिस्टर बेशुद्ध रुग्णाशी बोलताना आपण ऐकतो. "काका, आता कूस बदलते हं. घशातला कफ काढते, थोडा त्रास होईल." काका काहीच बोलत नाहीत. मग हे बोलणे म्हणजे नुसती मनाची समजूत नव्हे काय?

एक उत्तर विज्ञान देते. २००६ साली केंब्रिजचे शास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या पथकाने प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला 'टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर' असे सांगितले. मेंदूच्या चित्रणात निरोगी माणसासारखाच प्रतिसाद दिसला. २०२४ च्या एका अभ्यासात अशा २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचे आढळले.

पण उरलेल्या १८१ जणांचे काय? त्यांच्याशी बोलणे थांबवायचे का?

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्यांची वाचा व ओळख हरपली. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत तेथील परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, त्यांच्याशी त्या बोलत राहिल्या. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, असे रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते. सेवा करणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या. पुढे आलेल्या कित्येकींनी अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिलेही नव्हते. तरी त्या त्यांना आपलेच मानत होत्या.

येथेच दुसरे उत्तर आहे. नाव घेऊन ज्याला हाक मारतो, त्याला आपण वस्तूसारखे हाताळू शकत नाही. हाक मारताच हातही हळू होतो. सिस्टर 'काकांना ऐकू येते' असा दावा करीत नाहीत. आपण काय करतो आहोत, एवढेच त्या खरेपणाने सांगतात. त्यात फसवणूक नाही, मान आहे. अशा रुग्णाचे माणूसपण तसूभरही कमी होत नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० मार्च २००४ रोजी स्पष्ट सांगितले होते.

कडेगावहून आपली माणसे कराड, सांगली, मिरजेला हलवावी लागतात. भेटीला मोजकीच मिनिटे मिळतात. तेव्हा हात धरा, आपले नाव सांगा, आज वार कोणता ते सांगा, घरची खबर द्या. बिलाचे आणि "आता किती दिवस?" हे बोलणे दाराबाहेर करा. उत्तर येवो न येवो, आपले माणूस अजून तेथे आहे.